सावकाशबाई

माझ्या मोठ्या जाऊबाईंना सगळा कालवा सावकाशबाई म्हणायचा. हे नाव पाहुण्यांनी पाडलेलं. सायकलवरच्या कुणाचेही पाय जरा जोरात फिरायला लागले की पुढून आवाज यायचा, "सावकाश हो, सावकाश! पुढे कुणी ताट वाढून ठेवलेलं नाही." ताट वाढून मीच बसलेली असायचे, पण ते त्यांना सांगतो कोण?

आमच्या मागच्या दाराबाहेर चार पावलांवर कालवा. एके काळी त्यातून मालाच्या नावा जायच्या आणि काठावरून चालणारे घोडे त्या ओढायचे. नावा बंद पडल्या, घोडे गेले, काठाची वाट तेवढी उरली. मग कुणा शहाण्याने तिच्यावर डांबर घातलं, दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवले आणि मोटारींना बंदी केली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला फळबागा आणि कुरणं, मधूनच आपल्याकडे पाठ करून बसलेलं एखादं गाव. चढ म्हणाल तर पाणी अडवायच्या दरवाजांपाशी, तोही म्हाताऱ्या माणसाला उतरावं लागू नये इतकाच. कानावर पडणार काय, तर बदकं, साखळीची कुरकुर आणि आपलाच श्वास.

त्या वाटेवर माणसांना सायकलवरून हिंडवून आणायचं हे वहिनींचं, म्हणजे ह्या जाऊबाईंचं, काम. माणसं म्हणजे कुणी पट्टीचे सायकलवाले नव्हेत. ज्यांना लहानपणी सायकल मिळालीच नाही, किंवा मिळाली पण मोटारींच्या धाकाने सुटली, असे लोक. निवृत्त कारकून, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या बायका, बसखाली येता येता वाचलेला एक न्हावी. आधी आमच्या अंगणात शिकवणी, मग कालव्याकाठाने जुन्या पिठाच्या गिरणीपर्यंत सहल. त्या गिरणीत आता राहायच्या खोल्या केल्या होत्या. तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठाने परत. सामान भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, आपल्या गाडीतून हमरस्त्याने पुढे नेऊन ठेवायचे. परतल्यावरचं जेवण माझ्याकडे. माझा नवरा लांबच्या कारखान्यात, वर्षाकाठी पाहुण्यासारखा येणार. त्यामुळे घरात खऱ्या अर्थाने आम्ही तिघंच होतो. त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन शहरात गेलेली.

वहिनी स्वतः तिशी उलटल्यावर सायकल शिकल्या. त्याआधी त्या शहरात कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात चादरींना इस्त्री करायच्या, आणि वाहनांना इतक्या भ्यायच्या की रस्ता ओलांडताना शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरायच्या. असाच एकदा भाऊजींचा धरला, असं त्या सांगायच्या. भाऊजी म्हणायचे, "पलीकडे पोचल्यावर सोडायला विसरली." भाऊजींच्या तोंडून एवढं एकच वाक्य सलग यायचं. एरवी त्यांना बोलतं करणं म्हणजे गंजलेला नट सोडवणं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्याच एका सायकलीची पायडलं काढून, सीट अगदी खाली घेऊन त्यांनी बायकोला शिकवलं. बसायचं, दोन्ही पायांनी जमीन ढकलायची, जमिनीचा धीर वाटला की पाय उचलायचे. पुढे वहिनींनी शेकडो माणसांना ह्याच पद्धतीने शिकवलं.

मी खूप वेळा त्यांच्याबरोबर गेले आहे. त्या सगळ्यांत पुढे असायच्या, आणि त्यांच्या चाकामागे गटातला सगळ्यात हळू चालवणारा. तो दमला की सगळे थांबणार. त्यामुळे त्याला कधी वाटायचंच नाही की आपण मागे पडलो. आणि दर थोड्या वेळाने त्या मान वळवून मागे बघायच्या. सायकल सरळ रेषेत चाललेली, आणि मान पार मागे. एकेकाला नजरेने मोजून घ्यायच्या, कोंबडी पिल्लं मोजते तशा. मी एकदा म्हटलं, "वहिनी, मला असं मागे बघता येत नाही, हँडल फिरतं." त्या म्हणाल्या, "मला पुढे बघायची भीती वाटायची ना, म्हणून मी मागे बघायला शिकले."

एका वर्षी थंडीत त्यांना ताप भरला. आधी कंबर दुखली, मग थंडी वाजून दातावर दात. मूत्रपिंडात पू झाला होता आणि विष रक्तात उतरलं होतं. इस्पितळात भाऊजी बाकावर बसून, मी येऊन-जाऊन. डॉक्टरांनी भाऊजींना सांगितलं, औषध जालीम आहे, पण दुसरं काही लागू पडत नाहीये. भाऊजींनी मान हलवली. तिथे कुणीही मान हलवली असती. इंजेक्शनांनी वहिनी वाचल्या, हे मी कुठल्याही देवासमोर सांगेन.

घरी आल्या त्या हाडांचा सापळा होऊन. पहिल्या सकाळी पलंगावरून उठल्या आणि कपाटाचं दार धरायला गेल्या. दार उघडलं आणि त्या दारासकट खाली. आम्ही म्हटलं, अशक्तपणा आहे, होईल कमी. मी सूप करायचे, अंडी उकडून द्यायचे. अंगावर मांस धरू लागलं, गालांवर रंग आला, पण चालताना त्या भिंतीला हात लावल्याशिवाय चालेनात. दिवा नसला की उभ्या जागी कोसळायच्या. एकदा मी भाजी चिरत होते. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "धाकटे, तू हलतेयस की मी?"

"कुणीच हलत नाहीये, वहिनी."

"मग हे घर हलतंय," त्या म्हणाल्या, आणि दारातच खाली बसल्या.

शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी आत बरोबर होते. त्यांनी वहिनींना आडवं केलं, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला आणि एका कानात कोमट पाणी सोडलं. मग गार. मग दुसऱ्या कानात. दर वेळी विचारायच्या, "गरगरतंय?"

"नाही," वहिनी म्हणायच्या, आणि त्यांच्या आवाजात हळूहळू आनंद यायला लागला. सगळं झाल्यावर उठून बसत त्या म्हणाल्या, "एकदासुद्धा गरगरलं नाही. म्हणजे बरं झालं ना?"

डॉक्टरीणबाई थोडा वेळ चष्म्याची काच पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "निरोगी माणसाला ह्या पाण्याने गरगरतंच. नाही गरगरलं, हीच वाईट बातमी आहे." कानाच्या आतल्या बाजूला, ऐकण्याच्या जागेला लागून, तोल सांभाळणारा एक नाजूक भाग असतो. इंजेक्शनांनी तो दोन्हीकडचा मेला होता. ऐकू सगळं येणार. तोल तेवढा गेला.

"परत कधी येईल?" वहिनींनी विचारलं.

"तो परत येत नाही. डोळे आणि पाय मिळून त्याचं काम थोडंफार शिकतील. व्यायाम देते."

"मी सायकल शिकवते," वहिनी म्हणाल्या, जणू डॉक्टरीणबाईंच्या हिशेबात हे धरायचं राहून गेलं होतं.

व्यायाम त्यांनी असे केले की बघणाऱ्याला घाम फुटावा. भिंतीवर टिंब काढून त्याच्याकडे बघत मान हलवायची. त्यांना ते टिंब उड्या मारताना दिसायचं. मग उलट्या करायच्या, चूळ भरायची आणि पुन्हा भिंतीसमोर. थोडं चालता येऊ लागल्यावर एक दिवस त्यांनी भाऊजींना सांगितलं, "ती सायकल काढा." भाऊजींनी सायकलीची पायडलं काढली, सीट खाली घेतली. आणि जिने निम्म्या गावाला अंगणात शिकवलं, ती बाई त्याच अंगणात दोन्ही पायांनी जमीन ढकलत बसली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "नव्याने शिकताय वाटतं?" तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. वहिनींनी हसून मान डोलावली, आणि मान डोलावल्यामुळे पडल्या.

पण जमलं. खोटं कशाला बोलू? हवा उबदार होईपर्यंत त्या पायडलं लावून अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाऊ लागल्या. दूरच्या एका झाडावर नजर खिळवायची आणि मान दगडासारखी धरायची. भाऊजी म्हणाले, "ह्या वर्षी सहल नको." त्या म्हणाल्या, "गिरणीपर्यंत वाट सरळच आहे."

पहिल्या सहलीला ओळखीचेच पाहुणे होते. भाऊजींनी मला मुद्दाम रांगेच्या शेवटी घातलं. वहिनींच्या चाकामागे होती शिंपीणबाई. गावात तिचं छोटं दुकान, साठीला आलेली, नवरा वारल्यावर वहिनींकडे सायकल शिकलेली आणि सगळ्यांत भित्री. सकाळ इतकी छान होती की मला वाटलं, उगाच घाबरलो आपण. फळबागा फुलल्या होत्या. वहिनी पुढे ताठ बसलेल्या. एकदाही मागे बघितलं नाही त्यांनी. मला मागून ते जाणवत होतं, पण मी स्वतःला समजावत होते, न का बघेनात, चाललंय ना!

पाण्याच्या दुसऱ्या दरवाजाच्या पुढे शिंपीणबाई आनंदाने ओरडली, "बाई, बघा बघा! मी एक हात सोडला!"

इतक्या वर्षांची सवय. कुणी "बघा" म्हटलं की वहिनी बघणारच. त्यांनी मान वळवली. सायकल त्यांच्याखालून जणू कुणी ओढून घेतली. त्या आडव्या पडल्या त्या शिंपीणबाईच्या पुढच्या चाकासमोर, आणि शिंपीणबाई त्यांच्यावरून उडून काठाच्या दगडी कडेवर, सोडलेल्या हाताच्या मनगटावर.

वहिनी गवतावर पडल्या होत्या. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. शिंपीणबाई काही ओरडत नव्हती. ती मनगटाकडे बघत होती, आणि मनगट नको त्या बाजूला वळलेलं होतं. तिथे गाडी येण्याची सोय नाही. आम्ही तिला दरवाजा सांभाळणाऱ्या माणसाच्या घरापर्यंत चालवत नेलं आणि तिथून शेताच्या वाटेने हमरस्त्याला लावलं. वहिनी आमच्या मागून येत होत्या, झाडं धरत धरत. त्यांचा हात धरायला कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पुढे शिंपीणबाईला कात्री धरवेना आणि दुकान बंद झालं. प्लास्टर असतानाच ती वहिनींना भेटायला आली होती. म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका, बाई. तुमच्यामुळे मला चाकं फुटली. नाहीतर पायी पायीच मेले असते." मी हसले. वहिनी हसल्या नाहीत. ती गेल्यावर समोरचं ताट सरकवून म्हणाल्या, "शिव्या देऊन गेली असती तर दोन घास गेले असते."

त्यानंतर त्या सायकलीला हात लावेनात. सहली बंद करून भागणार नव्हतं, म्हणून भाऊजींनी एक मुलगी ठेवली. पोहण्याच्या तलावावर शिकवायची ती आधी. वहिनींची इच्छा काय होती ती त्याच जाणोत, पण मुलगी कामाला चोख निघाली. ओरडायची नाही, गोड शीळ घालायची. सगळ्यात हळू माणसाला तीही पुढेच ठेवायची. हे वहिनींनीच तिला शिकवलं होतं, पलंगावर बसून. पाहुणे खूश होते. परत आले की माझ्या स्वयंपाकघरात हसणं-खिदळणं चालायचं, आणि मधल्या भिंतीपलीकडे वहिनी दिवा लावून बसलेल्या असायच्या. एकदा कुणीतरी विचारलं, "आधी त्या एक बाई असायच्या ना, सावकाश सावकाश करणाऱ्या? बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "बऱ्या आहेत." भिंत पातळ होती.

लेक आली ती तीन चाकांची सायकल घेऊनच. मागे दोन चाकं, मध्ये टोपली, रंग लाल. वहिनी म्हणाल्या, "ह्यात भाजी घालून विकायची का?" पण लेकीचा चेहरा पडला, म्हणून बसल्या. मागच्या दाराने कालव्यावर गेल्या. त्या सायकलीवरून पडायचा प्रश्नच नव्हता. चालवली त्यांनी, चांगली पहिल्या पुलापर्यंत. आम्ही मागून चालत होतो आणि लेकीने माझा हात घट्ट दाबून धरला होता. नेमका तेव्हाच नव्या मुलीचा गट समोरून आला. सगळ्यांनी सायकली कडेला घेतल्या, वाट करून दिली, आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. "शाब्बास, सावकाशबाई!"

वहिनी थांबल्या. उतरल्या. लेकीला म्हणाल्या, "मला घरी ने." घरी पोचल्यावर एवढंच म्हणाल्या, "अशा टाळ्या मी वाजवायचे. पहिल्यांदा पाय उचलणाऱ्यांसाठी."

ती लाल सायकल शेडमध्ये गेली आणि भाऊजी तिच्यावर टायर ठेवू लागले.

नंतरचा काळ सांगण्यासारखा नाही, पण सांगायला हवा. वहिनींचा स्वभाव कडवट होत गेला. चहा गार का, पडदा उघडा का, मुलगी शीळ का घालते. भाऊजी सगळं ऐकून घ्यायचे. दिवसभर दुकान, मग सामानाची गाडी, आणि अंधार पडला की बायकोला हाताला धरून न्हाणीघरापर्यंत न्यायचं आणि आणायचं, कारण अंधारात त्यांना वर-खाली समजायचंच नाही. माणूस लोखंडाचा असला तरी झिजतोच. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "त्या इंजेक्शनांना हो कशाला म्हणालात? मला का नाही विचारलं?"

"तू शुद्धीवर कुठे होतीस?"

"मग जाऊ द्यायचं होतं."

भाऊजींनी हातातला पाना जमिनीवर आपटला. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. "मी काय करू आता? माझे कान कापून देऊ?"

"द्या," वहिनी म्हणाल्या.

मी गॅस बारीक करून उभी राहिले. त्या दिवसानंतर ती दोघं भांडलीही नाहीत, आणि मला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं.

पानगळीच्या सुमारास वहिनींनी भाऊजींना सांगितलं, "मला इथून न्या." भाऊजींनी "कुठे" असंही विचारलं नाही. दुकानाच्या पाट्या उतरवल्या, हत्यारं तेल लावून फडक्यात गुंडाळली. सहली नव्या मुलीच्या हातात गेल्या, स्वयंपाक माझ्याकडेच राहिला. निघताना वहिनी गाडीत पुढे बसल्या. मी खिडकीशी गेले तर डोळे मिटूनच म्हणाल्या, "गाडी सुरू झाली की सगळं उडायला लागतं. आत्ताच मिटून घेतलेत. रागावू नकोस."

लेकीच्या घराजवळ त्यांनी चौथ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. खाली सहा पदरी रस्ता, दिवस-रात्र वाहता. भाऊजी आता एका मोठ्या दुकानात खोक्यातून आलेल्या सायकली जोडतात. विकायचं काम दुसऱ्यांचं, चालवून बघायचं तिसऱ्यांचं. वहिनींची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली आहे, कारण धावत्या गाड्यांकडे बघितलं की त्यांना पोटातून ढवळतं. समोर कोरी भिंत. व्यायाम त्यांनी सोडून दिले. ज्या बाईने रस्ता ओलांडायच्या भीतीपोटी अर्धं आयुष्य पाण्याकाठी काढलं, ती आता त्या रस्त्याच्या डोक्यावर बसली आहे आणि खाली उतरत नाही.

मी महिन्याकाठी जायचे. गेलं की जेवण करून ठेवायचं, थोडं बोलायचं, यायचं. एकदा मी म्हटलं, "वहिनी, चार दिवस या ना घरी. पाहुणे नसतील तेव्हा या. नुसत्या बसा काठावर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलताना आता त्या मान अजिबात हलवत नाहीत, फक्त डोळे हलवतात. म्हणाल्या, "धाकटे, खरं सांगू? तूसुद्धा येत जाऊ नकोस."

"का? माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार? तू दारातून आत आलीस की तुझ्या कपड्यांना कालव्याचा वास येतो. तू जातेस आणि तो वास इथेच राहतो. मग मला दोन दिवस काही सुचत नाही."

जिन्यापर्यंत भाऊजी पोचवायला आले. म्हणाले, "तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस." मग म्हणाले, "पण थोडे दिवस नको येऊस."

मी सगळा हिवाळा गेले नाही. मग राहवेना. जायच्या आधी नवे कपडे घेतले, ते घातले आणि बसमध्ये बसले. दार वहिनींनीच उघडलं, चौकट धरून. केस पार पिकले होते. "ये," म्हणाल्या. भिंतीला हात लावत जाऊन चहा टाकला, आणि मी मदतीला उठले तर म्हणाल्या, "बस. एवढं येतं मला." आम्ही चहा घेतला. लेकीच्या मुलाला दात येत होते, त्याचं बोललो. भाऊजींचा गुडघा धरतो, त्याचं बोललो. कालव्याचं त्यांनी काही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खालून गाड्यांचा आवाज येतच होता.

निघताना मी म्हटलं, "येऊ ना पुन्हा?"

एका हाताने भिंत धरत त्यांनी माझी कपबशी उचलली. मग म्हणाल्या, "येतेस तर ये."